भावंडांचा रकाना

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे इथे अमेरिकेत, प्लेनोतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. परीक्षित देवपुजारीलाही ठाऊक होतं. तरी त्याने सरकारी फॉर्मवर ओळखीची शेजारीण म्हणून माझंच, या नीनाचंच, नाव दिलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा!

परीक्षित मूळचा नागपूरचा. शिकायला इकडे आला आणि आम्हा सगळ्याजणींचे नवरे कॉम्प्युटरपुढे बसत असताना हा पठ्ठ्या अमेरिकन सैन्यात भरती झाला. वीस वर्षांची नोकरी करून सार्जंट म्हणून निवृत्त झाला. आता एका कंपनीत सैन्याच्या रेडिओ यंत्रणा सांभाळायचं काम ठरलं होतं. अट एकच, सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कामाचा सरकारी परवाना, पुन्हा मिळायला हवा. त्यासाठी सरकारचा माणूस शेजारीपाजारी चौकशीला येतो.

तसा तो माझ्याकडे आला. मी चहा दिला, चिवडा पुढे केला. परदेशातलं कुणी परीक्षितकडे येतं का, असं त्याने विचारलं. मला वाटलं, पोरगा किती माणसं धरून आहे ते सांगावं. म्हटलं, त्याची सख्खी बहीण गिरिजा दोनच वर्षांपूर्वी महिनाभर राहून गेली. तिच्या हातचा वडाभात साऱ्या गल्लीने खाल्ला. दर भाऊबीजेला ती त्याला व्हिडिओवर ओवाळते, फोनच्या काचेला कुंकू लावते. त्या माणसाने बहिणीचं नाव पुन्हा विचारलं. मी हौसेने स्पेलिंगसकट सांगितलं.

शनिवारी सकाळी परीक्षित दारात उभा. आत आला तरी बसेना.

"वहिनी, मी फॉर्मवर सिस्टर लिहिलीच नव्हती."

गिरिजाचा नवरा दिगंबर तिकडे सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला. मेहुणा दुसऱ्या देशाच्या सरकारचा माणूस म्हटल्यावर आपल्याला कोण क्लिअरन्स देणार, अशी भीती चोविसाव्या वर्षी परीक्षितला वाटली. भावंडांच्या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलं. ते खपलं. मग दर रिन्यूअलला तेच लिहिणं भाग पडलं.

"काल त्या चौकशीच्या ऑफिसरने बोलावलं. म्हणाला, बहीण असणं हा प्रॉब्लेम नाही, लपवणं हा आहे. मंडेपर्यंत सगळं खरं लिहून द्या, मग बघू. वहिनी, तिची बर्थ डेट, ॲड्रेस, भाऊजींची पोस्ट, तुम्ही विचाराल? तुमचं रोज व्हॉट्सॲप चालतं. मला लाज वाटते."

दोन युद्धं बघून आलेला माणूस, आणि कान लालबुंद. कीव आली, पण संताप जास्त आला.

"बहीण तुझी आणि विचारायचं मी? लाव फोन."

त्याने माझ्याच टेबलावर स्पीकरवर लावला. नागपुरात संध्याकाळ होती.

"ताई, तुझी जन्मतारीख काय गं?"

"अगोबाई, आज कशी आठवण झाली?"

इन्शुरन्सला हवी आहे, असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं, अडखळत, खाली बघत.

"म्हणजे मी नाही, असं लिहिलंस?"

"हो."

"किती वेळा?"

"चार."

तिकडे कुकरची शिटी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. त्याचं बिंग फोडल्याचं मला तोवर काही वाटलं नव्हतं, पण हे ऐकत बसल्याची मात्र लाज वाटली. उठावं तर खुर्ची वाजेल, म्हणून बसून राहिले.

"लिहून घे," गिरिजा म्हणाली. तिने तारीख सांगितली, पिनकोडसकट पत्ता सांगितला, दिगंबरचा हुद्दा सांगितला. मध्ये एकदा थांबून तिने पिनकोड पुन्हा सांगितला. परीक्षित शहाण्या मुलासारखा लिहीत होता.

"झालं?"

"झालं, ताई."

"मग आता मी एक विचारते. या वेळी 'आहे' लिहितोयस, ते मी आहे म्हणून, की नीनाने सांगितलं म्हणून?"

फोन चालूच होता. परीक्षितने पेन खाली ठेवलं.