न धुतलेली कुपी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. कामावरच्या साहेबांजवळ तर बोलायलाच हवे होते — तिथेही नाही.

मी यादी करून जगणारी बाई आहे. किराणा, मुलांच्या वह्या, उद्याचे नमुने — सगळे कागदावर उतरवायचे, झाले की काट मारायची. ही एक गोष्ट मात्र कधी कुठल्या यादीत लिहिली नाही. लिहिली असती तर ती करावी लागली असती ना?

नागपुरात खाण्याच्या वस्तूंचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी काम करते. नवीन मुले आली की त्यांना यंत्र मीच शिकवते. माझा पहिला प्रश्न ठरलेला — कुपी धुतली? आम्लात भिजवली? उजेडात धरून पाहिली? पोरे पाठीमागे हसतात. "बाई तं घरी चहाचा कपही ॲसिडात बुडवत असतीन," असे एकदा कानावर आले. साहेब मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, शिस्त शिकायची तर बाईंकडून शिका. तेव्हा माझ्या डोक्यात अशी सणक गेली, की हातातली बशी भिंतीवर आपटावीशी वाटली. शिस्त म्हणे! ती कुठून आली, हे कुणी विचारले आहे का?

यंत्र साधे आहे. काचेच्या चौकोनी कुपीत द्रावण भरायचे, त्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि काटा कुठे थांबतो ते पाहायचे. झोताचा रंग ठरलेल्या जागी लावला, की शुद्ध हळद काटा हलवत नाही. कापड रंगवायचा पिवळा रंग तिच्यात मिसळलेला असला, की काटा सरकतो. माणूस काही म्हणो, काटा सांगेल ते खरे — आम्ही सगळे असेच मानायचो.

हळदीचा तो नमुना गिरजाबाईच्या दुकानातला होता. ती उमरेडच्या विणकर घरातली. घरचे माग बंद पडले, तेव्हा तिने नागपूरच्या जरीपटका वस्तीत तिखट-हळदीचे छोटे दुकान टाकले होते. आदल्या दिवशी मी तुलनेसाठी तोच कापडाचा रंग कुपीत भरला होता. संध्याकाळी कुपी भिजत घालायची राहिली. रंग आतच सुकला. सकाळी नुसत्या पाण्याने खळखळवली आणि तिच्यातच गिरजाबाईच्या हळदीचे द्रावण ओतले.

काटा सरकला.

"दुसऱ्यांदा करून पाहिलं ना?" साहेबांनी विचारले.

"हो," मी म्हणाले.

केले नव्हते. उरलेली हळद हाताशी होती, वेळही होता. मग का केले नाही? पहिल्यांदाच बरोबर करणारी बाई अशी माझी ख्याती होती — आणि ती मला फार आवडत होती. बस, एवढेच. यापेक्षा मोठे कारण शोधून सापडत नाही, याचाच संताप येतो.

अहवाल गेला. काही दिवसांनी त्याच कुपीत मी, हळद ज्यात विरघळवतो ते, नुसते कोरे स्पिरिट भरले, तरी काटा सरकला. कुपी खिडकीशी धरली. तळाच्या कोपऱ्यात पिवळी रेघ होती. मला सगळे कळले. कळण्यासारखे काही उरलेच नाही. मी काय केले? कुपी आम्लात टाकली. रेघ गेली.

त्यानंतर गिरजाबाई आली. वयाने मोठी, पदर डोक्यावर, घामाघूम. साहेब बाहेर गेले होते.

"बाई, काहून निघाला वं रंग? कुहीच्या बाजारातून हळकुंडं आणतो मी, माह्या हातानं कांडतो. पुन्हा एकडाव पाहा ना, माय."

तेव्हा तोंड उघडता आले असते. उरलेला नमुना माझ्या मागच्या फळीवरच होता — हात मागे नेला असता तर लागला असता. मी म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही." ते पुरेसे नव्हते की काय, म्हणून पुढे म्हणाले, "आणि विणकरांच्या घरी रंग असतोच."

हे मी बोलले. चूक कुपीची होती असे स्वतःला सांगता येईल, पण हे वाक्य कुठल्या कुपीतून आले?

"सूत रंगवाचा रंग पोरायले खाऊ घालीन का मी?" ती म्हणाली आणि कमरेची हळदीची पुडी सोडून टेबलावर ठेवली. "मशीन राहू दे बाजूले. घरी ने, वरणात टाक, अन् मंग सांग."

साहेब आल्यावर मी त्यांनाही तेच वाक्य ऐकवले. त्यांनी मान डोलावली. पुढे खटल्यातही तेच चालले — घरात माग, म्हणजे घरात रंग. दुकान बंद झाले. नंतर एकदा शहराबाहेर वाडीला, एका गोदामाच्या दारात, फाटकी पोती शिवत बसलेली ती मला दिसली. तिने वर पाहिले. मी रस्ता ओलांडला.

लोक म्हणतील, तुला तरी खात्री कुठे होती? कुपी घाण होती, पण म्हणून हळद शुद्धच होती असे कुठे ठरते?

होती. मला खात्री होती. ती पुडी मी घरी नेली होती. फेकली नाही, कुलुपात ठेवली नाही, तपासलीसुद्धा नाही. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्याला ताप आणि खोकला होता. मी दूध गरम केले, पुडी सोडली, चमचाभर हळद त्यात घातली आणि माझ्या हाताने ते त्याला पाजले.