केवळ चिदंबर

आमच्या तंजावरात, राजवाड्यामागच्या गल्लीत चिदंबर राहतो. वजनमापे खात्यातून रिटायर झाला. आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारले; आता तराजू उरले नाहीत, पण हाताची खाज काही जात नाही. म्हणून बातम्यांवर शिक्के मारतो.

सकाळची कॉफी पोटात गेली की गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा आवाज येतो. "अमुक चॅनेल पक्षपाती. तमुक वेबसाइट निःपक्ष. भरवसा, शंभरात नव्वद."

परीक्षेची पद्धत सोपी आहे. चिदंबरचा एक नावडता पक्ष आहे. त्याला शिव्या घालील तो निःपक्ष, ओरडून घालील तो निर्भीड, आणि दोन्ही बाजू सांगील तो विकला गेलेला. बातमी खरी की खोटी हे बघण्याची तसदी कशाला? नोकरीत असतानाही तो वजनाकडे न बघता दुकानदाराच्या तोंडाकडे बघून शिक्का मारायचा, असे बाजारातले लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी आपला ऐकलेले सांगतो.

तर या परीक्षकाचे सर्वांत लाडके चॅनेल म्हणजे पुण्याकडचे 'निर्भेळ कट्टा'. त्यात एक गृहस्थ टेबलावर मुठी आपटून मते सांगतात. चिदंबरला देवनागरी वाचता येत नाही, आम्हा पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या मराठी लोकांत थोड्यांनाच येते. पण ऐकलेले सगळे कळते असे त्याला वाटते. "शंभरात शंभर!" असा शिक्का त्याने कट्ट्यावर मारून टाकला होता.

आता भांडण कशाचे ते ऐका. आमच्या गल्लीतल्या मराठी संघाची खोली एकच. दर रविवारी तिथे कनकलता मुलांना मराठी शिकवते. शाळेतून निवृत्त झालेली बाई, पगार नाही, फी नाही. घरी बोलतो ती मराठी मुलांना समजते, पण उत्तर तमिळमध्ये येते. ते मराठीत यावे एवढाच तिचा हट्ट. तिच्या स्वतःच्या घरात दुसरी खुर्ची ठेवायला जागा नाही. खोली गेली की वर्ग संपला. आणि चिदंबरला नेमकी तीच खोली, त्याच रविवारी हवी होती. कशाला? 'बातमी परीक्षण मंडळा'ला! भिंतीवर मोठा टीव्ही लावून गल्लीला शहाणे करायचे होते.

संघाची बैठक भरली. चिदंबर फोन उंच धरून उभा राहिला.

"मी बोललो तर म्हणाल, चिदंबरला आकस. म्हणून निःपक्ष माणसाचे ऐका. कट्ट्यावाले मागच्या महिन्यात इथे येऊन गेले होते ना?"

फोनमधून मूठ आपटली. "तंजावरच्या या गल्लीत आज मराठीचे जे काही झाले आहे, त्याला जबाबदार केवळ कनकलताबाई!"

चिदंबरने तिथेच बंद केले.

खोलीत "अय्यय्यो!" झाले. पुण्यामुंबईच्या वाचकांना वाटेल, यात अय्यय्यो कसले? अहो, आमच्याकडे केवळ म्हणजे नीच, लाज आणणारे. तमिळ शेजाऱ्यांकडून आलेला अर्थ. तुमच्या 'केवळ'ला आम्ही 'मात्र' म्हणतो. तेव्हा भर सभेत शंभरात शंभरवाल्याने कनकलताला नीच म्हटले होते!

अध्यक्ष सूर्यनारायण खाली बघू लागले. कनकलता मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

"चिदंबरण्णा, पुढचे लाव की."

"पुढे काय असणार? निकाल लागला!"

"लाव रे," सूर्यनारायण म्हणाले.

पुन्हा मूठ आपटली. "राजवाड्याच्या दरबारात त्यांचे तीनशे विद्यार्थी मराठी गिरवतात. या एकट्या बाईला कट्ट्याचा मुजरा!"

चिदंबरचे तोंड चिंचेचा कोळ प्यायल्यासारखे झाले.

"त्यांच्या मराठीत केवळ म्हणजे 'मात्र', अण्णा," कनकलता म्हणाली. "स्तुती केली बिचाऱ्यांनी. पण बातमी खोटीच. तीनशे कुठले? अकरा येतात, त्यातले दोन माझ्या कुरकुरीत मुरुक्कू खायला. दरबार कुठला? ही खोली, हा गळका कोपरा. आणि मी एकटी कशी? भामा बाराखडी शिकवते, तिचे नावच नाही."

"बघा!" चिदंबर उसळला. "तीच म्हणते! चॅनेल खोटे, पक्षपाती, विकले गेलेले!"

"काल रात्रीपर्यंत शंभरात शंभर होते की रे," सूर्यनारायण म्हणाले.

"काल ते... काल ते नीट बोलत होते!"

सगळी खोली खदखदून हसली. सूर्यनारायणांनी डोळे पुसले. "खोली बातमी परीक्षणाला हवी होती ना? परीक्षण आत्ताच झाले. आणि केले कुणी? स्वतःच्या मुजऱ्यातली खोट काढणारीने. रविवार कनकचाच."

त्यानंतर कट्ट्याला शून्य मार्क पडले, आणि चिदंबरला नाव पडले. तो गल्लीतून निघाला की ओट्यावरून हाक येते, "वा! केवळ चिदंबर!"

तो खूश होऊन हात हलवतो. नवा अर्थ शिकलाय ना. चिदंबर मात्र, दुसरा कुणी नाही, असे त्याला ऐकू येते. गल्ली अजून जुन्याच अर्थाने बोलते, हे त्याला कोण सांगणार?