येणाऱ्याचा कोनाडा

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाळकुमच्या घरात सुताराशी भांडत होते. कपाटाचं दार खाली घासत होतं आणि तो म्हणत होता, "मॅडम, वापरून वापरून बसेल." इतक्यात भाच्याचा फोन. "मामी, आई गेली…" तशीच डोंबिवलीला निघाले. शीळफाट्याला गाडी नेहमीसारखी अडकली आणि मी मागच्या सीटवर हमसून हमसून रडले. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, "रडून घे गं, ट्रॅफिक सुटेपर्यंत."

सुलूवन्सं माझी थोरली नणंद. डोंबिवलीत फ्लॅट विकून द्यायची दलाली करायच्या. कुणाकडेही गेल्या की चहाआधी कपाटाच्या दारावर बोटाने टकटक करायच्या आणि यजमानाच्या तोंडावर सांगायच्या, "पोकळ आहे हो." जिभेला हाड नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमचे हे गेल्यावर मला बाळकुमला, लेकीजवळ यायचं होतं. तिथल्या घराचं टोकन देऊन बसले होते. पण डोंबिवलीचं विकल्याशिवाय ते हाती लागणार नव्हतं. गिऱ्हाइकं यायची, मान डोलवायची, निघून जायची. मुदत संपत आली. शेवटी मी ठरवलं, हॉलला फॉल्स सीलिंग करू, टीव्हीमागे चकचकीत पॅनल लावू. वन्संनी कपाळावर हात मारला.

"अगं नीता, ती तुझी हौस. गिऱ्हाईक हौसेचे पैसे देत नाही, सोयीचे देतं. ओट्याखाली ट्रॉल्या कर, बेडरूमचं कपाट छतापर्यंत ने, दाराशी चपलांचं कपाट असं कर की वर बसता येईल. आणि तो देव्हारा काढ."

देव्हारा! ह्यांनी हौसेने हॉलच्या भिंतीत बसवून घेतलेला, सागवानी, वर कळस. मी उसळलेच. "वन्सं, घर विकायच्या आधी देवच उठवायचे? लोक काय म्हणतील?"

"बोलणाऱ्या लोकांना विकायचंय का घर? येणाऱ्याचे देव येणारा घेऊन येतो, नीता. त्याला जागा दे."

मी अबोला धरला. त्यांनी त्या अबोल्यातच सुतार पाठवला. ट्रॉल्या, कपाटं त्यांनी सांगितल्याप्रमाणे झाली. देव्हारा एक चरा न पडता अख्खा निघाला. मागे उरलेल्या कोनाड्याला साधी फळी लावली, वर छोटा दिवा. मी देव स्वयंपाकघरात पाटावर मांडले आणि मनातल्या मनात वन्संचा उद्धार केला.

मग एक कुटुंब आलं. सासूबाई दाराशी चपलांच्या कपाटावर टेकल्या त्या उठेचनात. सुनेने ट्रॉल्या ओढून बघितल्या, कपाट उघडलं आणि परत हॉलमध्ये येऊन कोनाड्यासमोर थांबली. "आई, आपली बुद्धमूर्ती इथे… बरोब्बर बसेल ना?" मी वन्संकडे बघितलं. त्या मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

घर त्यांनीच घेतलं. पुढे मला जेवायला बोलावलं, तेव्हा कोनाड्यात मूर्ती अशी शोभत होती की माझेही हात आपोआप जोडले गेले. आज नातू शाळेतून सरळ माझ्याकडे येतो, लेक हाकेच्या अंतरावर आहे, ते सगळं वन्संमुळे. आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "आभार कसले? दलाली घेतली ना मी!" घेतली होती हो, सख्ख्या भावजयीकडूनसुद्धा.

परवा तो सुतार पुन्हा आला. दार एकदाचं नीट झालं. वन्संचा फोटो फ्रेम करून आणला होता, तो उचलून म्हणाला, "मॅडम, कुठे ठोकू?" आणि हॉलच्या कोऱ्या भिंतीला ड्रिल टेकवलंसुद्धा. मी ओरडलेच, "थांबा! भिंतीत काही ठोकायचं नाही. माझ्यामागे कुणी येईल, त्याची जागा आहे ती."

हे मी बोलले? माझं मलाच हसू आलं आणि डोळे भरले. फोटो कपाटावर नुसता टेकवून ठेवलाय. सुतार गेल्यावर मी त्या कपाटाच्या दारावर बोटाने टकटक केलं. भरीव वाजलं.

"ऐकलंत ना, वन्सं?" मी म्हटलं.