छत्रीवरचा दोरा

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं कुणी ऐकलं असेल, तर पितळी तांब्याने. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याशी थेट कधीच बोलत नसत. जावयासमोर पदर कपाळाखाली ओढायचा आणि सांगायचं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं, ही त्यांच्या साक्रीकडच्या गावची रीत. माझी मुलगी सोनी घरात असली तर निरोप तिच्यामार्फत येई. ती शाळेत असली की अक्का तांब्याकडे तोंड करत. "जेवन वाढेल शे," असं तांब्याला कळलं की मी उठून पाटावर बसे. पुढे पुढे मीही तांब्यालाच उत्तरं द्यायला लागलो.

त्या धुळ्याला आमच्याकडे आल्या त्या सोनीच्या दम्यामुळे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. सोनी सहा वर्षांची होती आणि थंडी पडली की तिची छाती भात्यासारखी वाजे. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. "औषध देतो, पण आधी हे पाकीट घराबाहेर काढा," म्हणाले. मी सरकारी कचेरीतला कारकून, दिवसाला दोन पाकिटं सहज ओढणारा. दवाखान्याच्या पायरीवरच पाकीट गटारात फेकलं आणि सोनीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. माझ्या बायकोच्या, मालतीच्या, डोळ्यांत पाणी आलं. अक्का पदराआडून एवढंच म्हणाल्या, "मी काही म्हनस नही."

हे त्यांचं पालुपद. ते ऐकलं की समजावं, यांना म्हणायचं पुष्कळ आहे. "मी काही म्हनस नही" म्हणत त्या दुधात बोट बुडवून बघत. भाजीवाल्याचं एकेक वांगं दाबून, उलटं करून, नाकाशी नेऊन परत टोपलीत ठेवत. तो वैतागून दुसऱ्या गल्लीला निघाला की त्याला हाक मारून पहिलंच वांगं घेत.

सिगारेट सुटणं म्हणजे काय, हे ज्याची सुटली त्यालाच विचारावं. सकाळी पोट साफ होईना. चहा घशाखाली उतरेना, कारण त्याच्या मागून धूर यायची सवय. कचेरीत हाताला काय काम द्यावं कळेना, म्हणून टाचण्यांच्या डबीतल्या टाचण्या एका दिशेला लावत बसायचो. लवंगा चघळून जीभ सोलून निघाली. घरी क्षुल्लक गोष्टीवरून ताट सरकवायचो. आणि एवढं सगळं सोसून घरी यावं, तर दारात अक्कांचा संशय उभा.

"पोरी, तुना बापले ईचार, हापिस कितला वाजता सुटनं?"

सोनी इमानाने विचारी. मी वेळ सांगे. अक्का मनात हिशेब करत, कचेरी ते घर सायकलने किती मिनिटं, आणि उरलेली मिनिटं कुठे गेली. सदरा खुंटीला लावला की तो उतरवून हुंगत. शेजारच्या टेबलावरचे साहेब दिवसभर धूर सोडत, त्याला मी काय करणार? "मी काही म्हनस नही. पन सदरा बोली ऱ्हायना," म्हणजे सदराच बोलतोय, असं तांब्याला सांगितलं जाई. चपलेचा तळ, फोटोची मागची बाजू, ज्वारीची कोठी, मिटलेली छत्री, काही म्हणजे काही सुटत नसे. जागा त्यांना पाठच होत्या.

त्या का पाठ होत्या, ते मला मालतीने सांगितलं. माझे सासरे बिडीचे भक्त. त्यांनी सात वेळा बिडी सोडली. सातही वेळा अक्कांनी देवापुढे नारळ फोडला आणि सातही वेळा बिड्या सापडल्या. कधी गव्हाणीत, कधी टोपीच्या घडीत, कधी छत्रीत. दर वेळी ते शपथेवर म्हणत, माझ्या नाहीत. खोकत खोकत गेले, तेव्हाही उशाखाली तीन निघाल्या. हे ऐकून माझा राग खरं तर ओसरायला हवा होता. पण नाही ओसरला. सासऱ्यांचं पाप माझ्या माथी का, असंच मला वाटत राहिलं.

अडीच महिने झाले. सोनीची छाती बरीच शांत झाली होती. एका रविवारी बाहेरून आलो तर अक्का ओट्यावर माझ्या सायकलच्या सीटचं कव्हर उसवून बसलेल्या. आत अर्थातच काही नव्हतं. माझा तोल गेला. तांब्याकडे बघत ओरडलो, "ज्यांना भरवसा नाही, त्यांनी आपल्या गावी जावं!" अक्कांनी कव्हर परत शिवलं. मालती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी सरळ आग्रा रोडवरच्या टपरीवर गेलो. चोर ठरलोच आहे, तर चोरी तरी करून घेऊ, असा तो हिशेब. एक सिगारेट ओढली. डोकं गरगरलं, चव कडू लागली, तरी शेवटपर्यंत ओढली. मग मूठभर बडीशेप चावली, नळावर हात धुतले आणि दिवेलागणीला घरी आलो.

सोनी नेहमीसारखी धावत आली. मी हात आडवा करून तिला थांबवलं. "थांब, पाय धुऊन येतो," म्हणालो.

मी पाय धुऊन वळलो, तर अक्का समोर उभ्या. पदर कपाळावरून मागे सारलेला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. मालतीचंच नाक, मालतीचेच डोळे. तांब्या कोपऱ्यात होता, पण त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"जावाई, आज पिधी ना? पोरले तुम्ही जोडे येऊ दिधं नही."

वास नव्हे, झडती नव्हे. लेकीला जवळ येऊ दिलं नाही, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. माझ्या ओठांवर खोटं तयार होतं. पण आत सोनी पाढे म्हणत होती आणि मधे एकदाही धाप लागत नव्हती.

"हो, अक्का. एक ओढली," मी म्हणालो.

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. अक्का ओट्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या.

"मना मालक सात डाव खोटं बोलनात. तेस्नी एक डाव बी हो सांगं नही. तुम्ही सांगं." मग उठता उठता म्हणाल्या, "आजपाईन झडती बंद."

ती माझी शेवटची सिगारेट. अक्का आठवड्याभराने गावी गेल्या.

पुढे माझी बदली जळगावला झाली. अक्का दर हिवाळ्यात महिनाभर येत. पदर पुन्हा कपाळाखाली आणि बोलणं पुन्हा तांब्याशी. पण आता संशयाचं भूत माझ्या मानगुटीवर बसलं होतं. ही बाई झडती घेतल्याशिवाय राहीलच कशी? म्हणून त्या आल्या की मी छत्री मिटून तिला काळा दोरा गुंडाळून ठेवी, माझ्या खास गाठीने. सुटला असता तर लगेच कळलं असतं. तो कधीच सुटला नाही. तरी दर वर्षी मी दोरा बांधत राहिलो. मालतीलाही सांगितलं नव्हतं, लाज वाटायची.

सोनी कॉलेजात गेली त्या वर्षी अक्का अंथरुणाला खिळल्या. आम्ही गावी गेलो. खाटेशेजारी पाण्याचा तांब्या होताच. मी उंबऱ्याशी उभा राहिलो, तशी त्यांनी सोनीचा हात धरला.

"पोरी, तुना बापले सांग, छत्रीवरना दोरा मी कव्हयच सोडा नही."

सोनीला काही उमगेना. ती माझ्याकडे बघत राहिली. मी जमिनीकडे. म्हणजे इतकी वर्षं त्यांनी तो दोरा पाहिला होता, कशासाठी आहे ते ओळखलं होतं आणि तरी दर हिवाळ्यात त्या माझ्या घरी येत राहिल्या होत्या.

अक्कांनी पदर मागे सारला. दुसऱ्यांदा आणि शेवटचं.

"जावाई, तुम्हले वाटे ना, मी दखस?"

मी खाटेजवळ जाऊन बसलो.

"हो, अक्का. तुम्ही बघता, असं वाटायचं."

त्या हसल्या. मान हलवून म्हणाल्या, "खरं बोलनात," आणि पदर पुन्हा पुढे ओढून घेतला.