मेडिकलपुरती भाकरी

पोट आत ओढायचं, श्वास धरायचा, पट्टा एक भोक पुढे सरकवायचा आणि मग म्हणायचं, "बाबू, मेडिकल जवळ आलं." चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या ड्रायव्हरसाहेबांच्या पथ्याचा मुहूर्त असा निघत असे. मी यार्डाच्या ऑफिसात क्लार्क, म्हणून त्यांच्या लेखी कायमचा 'बाबू'.

मालगाडी चालवणाऱ्याची ठरावीक काळाने डॉक्टरी तपासणी होते. त्यात नापास झाला की त्याला इंजिनवरून उतरवून टेबलामागे बसवतात. साहेबांना मरणापेक्षा त्या टेबलाची भीती जास्त. म्हणायचे, "कुर्सीवर बसून माश्या मारू काय मी?"

कंबर, शुगर, बीपी, रक्तातली चरबी, सगळंच वाढलेलं. डॉक्टरांनी त्याला मेटाबोलिक सिंड्रोम असं नाव सांगितलं. म्हणाले, रोजचं ताट बदला, रोज चाला, अजून वेळ गेलेली नाही. साहेबांनी त्यातलं 'रोज' तेवढं सोडून बाकी सगळं ऐकलं.

आधी त्यांचं पथ्य पंधरा दिवसांचं असे. भात बंद, कारल्याचा रस सुरू. पुढे तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी आली, तर साहेब तीन महिने आधी सुरू झाले. "तारीख मालूम असली का मानूस बरोबर टायमावर पोचते," असं वर मलाच शिकवत. मोठा अधिकारी तपासणीला यायच्या आधी स्टेशनला चुना मारतात ना, तसंच हे. आम्ही रेल्वेवाले, आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटच्या खेपेला त्यांनी कमालच केली. वहिनी ज्वारीची भाकरी, साधं वरण आणि वाटीभर भाजी वाढत, आणि साहेब मुकाट्याने खात. सकाळी आम्ही दोघे चालायला जायचो. पहिल्या आठवड्यात ते स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर तीनदा बसले. तिसऱ्या महिन्यात मीच खाली धापा टाकत होतो आणि ते वरून विचारत होते, "कावून रे बाबू, तुयं मेडिकल करू का?" माणूस खरोखर सुधारला होता. नाटक म्हणून सुरू केलेलं खरं होत आलं होतं.

पास झाले. रिवाजाप्रमाणे सगळ्यांना जिलेबी वाटली, स्वतःही खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाक मारली, तर दारातूनच म्हणाले, "निंघालं न आता मेडिकल. झोपू दे मले. पुढच्या खेपेले पाहू."

मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही. खरं सांगतो, मलाही झोपायचंच होतं. हळूहळू भात परत आला, तळलेलं आलं, गोळ्याही राहून जाऊ लागल्या. हे मला दिसत होतं.

पुढची खेप आली नाही. एका सकाळी ड्यूटीवर निघताना ते बूट घालायला वाकले आणि तिथेच कोसळले.

तेरवीला वहिनींनी मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, डॉक्टरनं तर पास केलं होतं न यायले? मंग असं कसं झालं?"

"हो वहिनी, पास केलं होतं," मी म्हणालो. त्यापुढचं सांगायची माझी छाती झाली नाही.