पांगाऱ्याचे आबा

कोणी बुडत असल्याची वर्दी आली की आबा आधी विचारायचे, "जेवलंस काय रे झिला?" तिकडे दर्यात माणूस गटांगळ्या खातोय, बायका ऊर बडवतायत, आणि हे आपल्या मुलाच्या पोटाची चौकशी करतायत! मुलगा म्हणायचा, "जेवलंय, आबा." मग आबांचा उजवा हात झटक्यात वर जायचा. "मगे जा! आधी माणूस, मागसून होडी!" आणि मुलगा विमानात बसून भुर्रकन उडायचा.

आबा पांगाऱ्याच्या लाकडाचे होते. उंची हातभर. परवा माझा नातू टीव्हीवर बाहुल्यांची एक मालिका बघत होता. त्यातही एक बाप बेटावर बसून मुलांना अवकाशात धाडतो. मी म्हटलं, "अरे, ह्यांना मी ओळखते." नातवाने माझ्याकडे पाहिलं ते औषधाची वेळ चुकली की काय अशा नजरेने. त्याच्यासाठी म्हणून हे लिहितेय.

मुळात आबा म्हणजे राजा दशरथ. आमच्याकडे देवळात कळसूत्री बाहुल्या नाचवायला भिकूमामा यायचे. नात्याने कोणाचेच मामा नव्हेत, पण सगळ्यांचे मामा. त्यांच्या पेटाऱ्यातली माणसं त्यांच्या आज्याच्या हातची. जवळच्या कट्टा गावच्या बाजारात चहाच्या दुकानातल्या रेडिओवर त्यांनी ऐकलं, की परमुलखात कोणी तरी आकाशात यंत्र सोडलंय आणि ते पृथ्वीभोवती फिरतंय. झालं! मामांना रामायण पुरेना. त्यांनी दशरथाचा मुकुट तासून टोपी ठोकली, मिशा पांढऱ्या केल्या आणि चारही मुलांना विमानवाले करून टाकलं. विमान रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं. ते उडताना सूत्रधाराच्या मागून एक जण परात घासायचा.

पहिल्या खेळाला प्रेक्षकांतून कोणी तरी ओरडलं, "रे भिकू, दशरथाक टोपी घातलंस?"

"घातलंय. अयोध्येत आता विमानां इली!"

"मगे कैकयी खंय गेली?"

"म्हायेराक! तुझ्याच शेजारी बसली आसा, बघ!"

हशा ओसरला की मात्र गंमत संपायची. मुलगा उडून गेला की मृदंग थांबे. एवढ्या मोठ्या पडद्यापुढे आबा एकटे उभे. मानेची दोरी सैल होती, त्यामुळे डोकं बारीक थरथरायचं. म्हातारा आता रडतोय की नुसता ऐकतोय ते कळायचं नाही. मुलगा माणसाला घेऊन परत आला की आबा पुन्हा ताठ. शाबासकी कधीच नाही. "भिजलंस रे. कपडे बदल," एवढंच.

मी त्यांच्या प्रेमात होते. हसा. माझ्या वयाच्या इतर मुली भातुकलीत रमायच्या, मी मोठी शहाणी, खेळ संपल्यावर पेटाऱ्याशी जाऊन आबांना घरच्या गोष्टी सांगायची. शाळेत कोणी चिमटा काढला, मांजरीने किती पिल्लं घातली. एकदा आबांच्या मिशीला लाडू चिकटवून आले. मामा बिचारे दुसऱ्या दिवशी मुंग्या झाडत बसले.

ह्याला कारण होतं. माझे बाबा पडावावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल; सुकाणू त्यांच्या हाती. मंगळुराकडून कौलं भरून आणायची, मालवणात उतरवायची, की परत शिडं वर. पावसाळ्यात पडाव किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारले की तेवढे महिने ते घरी. तेव्हाही जाळी विणत गप्प बसायचे. मला वाटायचं, बाप म्हणून बोलायचं काम आबांकडे दिलंय आणि बाबांकडे फक्त दर्या.

त्या वर्षी वैशाख संपता संपता वादळ लवकर उठलं. कौलांनी भरलेला पडाव वेंगुर्ल्याच्या अलीकडे खडकावर फुटला. दोन खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. त्यांनी आमच्या अंगणात उभं राहून खाली मान घालून सांगितलं, की तांडेलाने शेवटपर्यंत सुकाणू सोडलं नाही आणि मग तो दिसलाच नाही. थोरल्या काकांनी किनारा पालथा घातला. प्रेत मिळालं नाही.

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळतात. ते होईपर्यंत मेलेला मेलेला नसतो आणि त्याची बायको विधवा नसते. आई तशीच मधल्या मधे लटकून ओटीवर बसली होती. कपाळावर कुंकू, हातात काकणं, आणि तिच्याकडे बघायला कोणी धजत नव्हतं. शेवटी काकांनी भटजींना बोलावलं. अंगणात दर्भाच्या काड्यांना काड्या बांधून हात झाले, पाय झाले. त्याला बाबांच्या धोतराची पट्टी नेसवली.

मी ओरडले, "ही गवताची बाहुली! हे बाबा नाहीत!"

काका म्हणाले, "गो चेडवा, वायच गप रव. तुझ्या आवशीकडे बघ."

मी आईकडे पाहिलं ते तिच्या काकणांकडे. पुतळा जळला की ती फुटणार, एवढं मला कळत होतं. सगळे अंघोळीला विहिरीवर गेले तेव्हा मी पुतळा परकरात गुंडाळला आणि कट्ट्याच्या वाटेला लागले. भिकूमामा तिथे देवळात उतरलेत हे ठाऊक होतं. आता माझी अक्कल बघा. गवताच्या बाहुलीला बाप म्हणणाऱ्या मोठ्या माणसांचा मला राग आलेला, आणि मी निघाले होते लाकडाच्या बाहुलीकडे, त्याने आपले मुलगे धाडून बाबांना काढावं म्हणून!

वाटेत एका गाडीवानाने मला बैलगाडीत घेतलं. दुपारी पोचले. देवळाच्या पडवीत दोरीवर बाहुल्या उन्हाला टांगल्या होत्या. मामा एका कोपऱ्यात जेवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आबा, माझे बाबा वेंगुर्ल्याकडे बुडालेत. चौघांनाही पाठवा."

मामांचा घास हातातच राहिला. पडावाची बातमी कट्ट्यापर्यंत आली होती. ते उठले, हात धुतले आणि काहीही न विचारता आबांना खाली उतरवलं. ना पडदा, ना मृदंग. दिवसाउजेडी मला सगळ्या दोऱ्या दिसत होत्या, मामांची बोटं दिसत होती, ओठ हलताना दिसत होते. तरी मी आबांकडेच बघत होते.

"जावा रे झिलांनू," आबा म्हणाले. ह्या वेळी जेवणाचं विचारलं नाही.

विमान गेलं. आबा एकटे उभे. मान थरथरत होती. फार वेळ थरथरत राहिली. मग विमान परत आलं.

"गावलो नाय, आबा. सगळीकडे सोधलंव."

मी किंचाळले, "परत पाठवा! नेहमी सापडतो! नेहमी सापडतो माणूस!"

आबा माझ्याकडे वळले. "चेडवा, दर्यो मोठो आसा. माझे झील ल्हान. तुझो बापूस आता येवचो नाय गो." मग त्यांची मान खाली झुकली. "परकरात काय ता?"

"पुतळा. गवताचा."

"तेका घराक घेवन जा. तुझ्या बापाशीक आता दुसरा आंग नाय."

हाडामांसाची इतकी माणसं सांगून दमली होती. लाकडाच्या माणसाने गवताच्या माणसाची शिफारस केली तेव्हा मला पटलं. मी पडवीत बसून रडले. मामा आबांच्या दोऱ्या हातात धरून तसेच उभे होते. त्यांना त्या गुंडाळायचं सुचत नव्हतं.

मामांनीच मला संध्याकाळच्या आत घरी पोचवलं. काकांनी हात उगारला होता, पण पुतळा बघून खाली घेतला. त्याचा एक पाय वाटेत सुटला होता. काकांनी तो मांडीवर घेऊन पुन्हा बांधला, बाबांच्या पायाला लागू नये इतक्या हलक्या हाताने. मग किनाऱ्यावर नेला. मी माडांआडून पाहिलं. दर्भ तो, किती वेळ जळणार? चूल पेटवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. घरात आईची काकणं फुटली. तोवर ती रडली नव्हती.

मामांनी विमानाचं आख्यान त्यानंतर केलं नाही. लोक मागायचे. मामा म्हणायचे, "झिलांच्या तोंडात आता 'गावलो' बसणा नाय."

पुढे माझं लग्न ठरलं त्या सुमाराला भिकूमामा एकदा आमच्या अंगणात आले. ओटीवर चढले नाहीत, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "आबा गेले. वाळवी लागलेली. काल न्हयत सोडलंय." त्यांच्यात जुनी बाहुली फेकत नाहीत, माणसासारखी नदीला देतात, आणि ओळखीच्या घरी कळवतात.

मी तेव्हा लग्नाची, म्हणजे भलतीच शहाणी. तोंडावर पदर घेऊन हसले. "लाकडाचं सुतक धरायचं की काय?"

आईने आबांचा खेळ कधी पाहिला नव्हता. ती मागल्या दारी गेली, विहिरीचं पाणी शेंदलं आणि मला हाक मारली. मी गेले तर तिने नेसत्या कपड्यांनिशी माझ्या डोक्यावर कळशी ओतली. मग दुसरी कळशी शेंदून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"तू कित्याक गो?" मी कुडकुडत विचारलं.

"तेना त्या दिसा माझा चेडू घराक धाडल्यान," आई म्हणाली, आणि ओल्या अंगाने आत गेली.