रिकामा मिक्सर

दुकानाच्या काउंटरवर बसलं की किस्से आपोआप जमतात, कार्बनच्या काळ्या भुकटीसारखे. झटकले तरी ड्रेसवर राहतातच. लग्न होऊन जूचंद्रला आले तेव्हा दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी असायचे. सासरे म्हणाले, "दुकानात बस, माणसं दिसतील." मोटर आणि जनरेटरचे ब्रश, म्हणजे आत घासत वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, विकायचं आमचं दुकान. माणसं दिसतात. बोलतात मात्र ब्रशबद्दलच!

*

एकाने ड्रिल मशीनचा झिजून नखाएवढा उरलेला ब्रश पुढे केला. "अगदी सेम साइज पाहिजे हां, मॅडम!" मी नवा दिला तर भडकला, "हा तर डबल आहे!"

सासरे शांतपणे म्हणाले, "घेऊन जा. तुमच्या साइजचा तो आपोआप होईल."

*

दुसऱ्याला कधीच झिजणार नाही असा कडक ब्रश हवा होता.

"देतो की," सासरे म्हणाले. "मग त्याच्याऐवजी मोटर झिजेल. नवीन मोटर शेजारच्या दुकानात मिळते."

*

माझा नवरा निलेश कमी बोलतो. त्याने दिवसाकाठी दोन वाक्यं माझ्याशी बोलावीत, एवढीच माझी इच्छा. लग्नानंतर पहिल्यांदा भुईगावच्या समुद्रावर गेलो. अख्खा रस्ता गप्प. शेवटी मीच विचारलं, "काही जनरेटरना तांबं मिसळलेला ब्रश का देता?"

त्याचा चेहरा उजळला! "व्होल्टेज कमी, करंट जास्त असेल तिथे तोच लागतो."

"आणि मिक्सरला?"

"साधा कार्बन."

सूर्य बुडाला. आम्ही घरी आलो.

*

परवा भुईगावचे एक म्हातारे काका मिक्सर घेऊन आले. बायको गेल्यापासून तो बंदच होता. मी ब्रश बदलले. म्हटलं, "नवीन ब्रश नीट बसेपर्यंत जरा वेळ रिकामाच चालवू."

मिक्सर घरघरला. काका डोळे मिटून ऐकत राहिले. मी बटणाकडे हात नेला.

"बंद नको करू गो बाय," ते म्हणाले. "सकालचा घरात ह्योच आवाज असायचा."

*

त्या संध्याकाळी निलेश आतल्या खोलीत मोबाइल बघत होता. मी स्वयंपाकघरात आमचा मिक्सर रिकामाच चालू केला.

तो बाहेर आला. "ब्रश बदललेस?"

"नाही."

"मग?"

मी मिक्सर चालूच ठेवला. वाटलं, आता बटण बंद करेल.

त्याने स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसला.

"आवाज चांगला येतोय," म्हणाला.